कानसेनांच्या कानाची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देणे, ते बिघडले की दुरुस्त करणे आणि बिघडू नये म्हणून काय करावे ते सांगून टोमणे खाणे, आज पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवले तर ते माझ्या धाकट्या भावाने केले आहे असे समजावे.

माझे मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांचा आणखी एक कागद जोडला आहे, तो कशासाठी ते कलम चारमध्ये येईल. तो जोडू नका म्हणून आमच्या वकीलबाईंनी आधी तीनदा बजावले आणि मग, माझ्या घरची मंडळी कोण कोण आहेत ते ऐकल्यावर, जोडाच म्हणाल्या.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या बायकोची. तिच्यामागे घर आणि ठेव दोन्ही माझ्या मुलाचे. यात कोणी भांडेल असे वाटत नाही, म्हणून एका दमात उरकतो.

कलम दोन. माझा प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर आणि सुताराकडून करून घेतलेले दोन उभे स्पीकर मी मुलाला देतो, पण अटींवर. चिरंजीवांच्या घरचे सध्याचे होम थिएटर मी डोळ्यांनी पाहिले आहे. ॲम्प्लिफायर काचेच्या बंद कपाटात ठेवला आहे, कारण सूनबाईंना वायरी दिसलेल्या खपत नाहीत. तो आत उकडून निघतो आणि अर्ध्या तासात मान टाकतो, मग चिरंजीव कंपनीला शिव्या घालतात. मधला स्पीकर, ज्यातून माणसांचे बोलणे येते, त्याच्या बरोबर तोंडासमोर फुलदाणी. खर्ज वाजवणारा सबवूफर कोपऱ्यात कोंबलेला आणि त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मी दोन शब्द बोललो तर म्हणाला, "बाबा, आता कानाचं काही काम राहिलं नाही. माइक सोफ्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, मशीन स्वतः सगळं मोजून घेतं." त्याने माइक ठेवला, बटण दाबले आणि छताचा पंखा चालूच ठेवला. मशीनने इमानेइतबारे पंखाही मोजला. तेव्हापासून त्या घरात प्रत्येक सिनेमा पंख्याच्या सोयीने वाजतो.

तेव्हा अटी अशा. ॲम्प्लिफायर उघड्या फळीवर ठेवावा आणि त्याच्या वर व बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी. वरची मोकळी जागा ही किल्ल्या, चष्मे आणि लग्नपत्रिका ठेवण्याची जागा नव्हे. प्रोजेक्टरची धुळीची जाळी दर महिन्याला काढून कोरड्या ब्रशने झटकावी. पडदा ओल्या फडक्याने पुसू नये. मागच्या वर्षीच्या प्रकारानंतर हे पुन्हा लिहावे लागू नये, पण लिहितो. प्रोजेक्टर बंद केल्यावर लगेच प्लग उपसू नये, आतला पंखा थांबेपर्यंत दम धरावा. दम धरण्याची सवय आमच्या घराण्यात माझ्यापाशीच संपते की काय, अशी मला शंका आहे. आणि जे रिमोट महिनोन्‌महिने वापरात नसतात त्यांतले सेल काढून ठेवावेत. सेल पाझरून रिमोट आतल्या आत सडतो आणि बाहेरून तजेलदार दिसतो. आपल्या घराण्यातही असे नमुने आहेत.

कलम तीन. त्या नमुन्यांत पहिला नंबर माझ्या धाकट्या भावाचा. चौदा वर्षांपूर्वी तो माझ्या दुकानातून बाहेर पडला आणि त्याच रस्त्यावर, माझ्या नाकासमोर, शोरूम थाटून बसला. त्याचे शास्त्र एकच: शेजारी भांडायला आला की सिस्टीम चांगली बसली. एका निवृत्त न्यायाधीशांकडे त्याने पुढचे स्पीकर मागे आणि मागचे पुढे जोडले. न्यायाधीश दीड वर्ष प्रत्येक संवादाला मागे वळून बघत होते. त्यांना वाटले, नवीन तंत्र आहे ते हेच. शेवटी मान आखडली तेव्हा त्यांनी मला बोलावले. दुसऱ्या एका घरी त्याने एका स्पीकरला लाल वायरीच्या जागी काळी जोडली. अशाने एक स्पीकर हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि दोघांच्या मारामारीत खर्जच गायब होतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन गेले तर भाऊ म्हणाला, "नवीन आहे हो, वापरून वापरून मोकळा होईल." स्पीकर की पायातला बूट?

अशा या भावाला मी लाल-काळ्या वायरीचे एक अख्खे बंडल देतो. कुठली कुठे लावायची त्याची चिठ्ठी दर दोन फुटांवर चिकटवलेली आहे. माझ्याकडून त्याला एवढेच मिळेल, आणि हेही त्याच्या गिऱ्हाइकांची दया येते म्हणून.

कलम चार. आता दुकान. दुकान, पाटी, मागची दुरुस्तीची खोली, सोल्डरिंगचे सामान, मीटर आणि गिऱ्हाइकांची वही हे सगळे मी माझ्या बायकोला देतो. कायमचे आणि बिनशर्त. चालवायचे की विकायचे हे तिने ठरवावे.

इथे मुलगा आणि भाऊ खुर्चीतून उठतील. उठू द्यावे. त्यांचे आधीच ठरले आहे की माझ्यामागे दुकान म्हणजे भावाच्या खोक्यांचे गोदाम. दुकानाच्या काचेपलीकडे उभे राहून ते हे बोलत होते. भाऊ म्हणाला, "वहिनी दुकान घेऊन काय करणार? मोजपट्टी धरणार?" आणि मुलगा, माझा मुलगा, हसला. मला ते ऐकू आले नाही. मी ते त्यांच्या ओठांवर वाचले, कारण गेली बारा वर्षे मी असाच ऐकतो.

सोबतचा दुसरा कागद म्हणजे माझ्या कानांची तपासणी. बारीक, टोकदार आवाज मला येतच नाहीत: दाराची बेल, पाखरे, काच फुटणे, व्हायोलिनचा वरचा अर्धा भाग. माणसांचे बोलणे भिंतीआडून आल्यासारखे येते. गावाने ज्याला कानसेन म्हणून डोक्यावर घेतले, ज्याचे ते टोपणनाव पाटीवर तीन फुटी अक्षरांत आहे, तो माणूस अर्ध्याहून जास्त बहिरा आहे.

ही कबुली मी हौसेने देत नाही. पण वकीलबाई म्हणतात, हे दोघे सरळ कोर्टात जातील आणि सांगतील की म्हातारा चळला होता, चालता धंदा मोजपट्टी धरणाऱ्या बाईला देऊन गेला. तेव्हा धंदा कोणाच्या जिवावर चालत होता ते लिहिणे भाग आहे, आणि माझे नाव बुडवल्याशिवाय ते लिहिता येत नाही. मी दोन महिने नुसता घोटाळत राहिलो. नाव खोटे असले म्हणून सोडवत नाही, उलट जास्तच घट्ट धरावेसे वाटते.

सुरुवात दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यावर झाली. त्यांच्याकडे पाच स्पीकर बसवून मी सिनेमा लावला आणि तल्लीन होऊन मान डोलावू लागलो. डॉक्टरांचे कुत्रे उठून बाहेर गेले. डॉक्टरांनी दातांवर दात दाबले. बायको त्या दिवशी योगायोगाने बरोबर होती. तिने बाही ओढली आणि अगदी कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तो डावा डबा किंचाळतोय." मी उठलो, डाव्या स्पीकरसमोर गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो आणि जाहीर केले, "डावा ट्वीटर, बारीक आवाजाचा भोंगा, गेलाय." डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, "कुत्र्याचा कान आहे तुमचा!" कान कुत्र्याचा आणि बायकोचा होता, पण हात मला जोडले होते, म्हणून मी नमस्कार घेतला.

तेव्हापासून मी तिला मोजपट्टी धरायला म्हणून प्रत्येक कामावर नेऊ लागलो. ती खोलीत चारी कोपऱ्यांत बसून बघायची आणि माझ्यापाशी येऊन सांगायची, "मधला माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय." मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "सेंटरचा क्रॉसओव्हर वर घ्यावा लागेल." ती म्हणायची, "स्फोट झाला की उशी पडली?" मी म्हणायचो, "सबवूफरची जागा चुकली आहे." ती म्हणायची, "पाऊस तळणीत पडल्यासारखा चरचरतोय." मी म्हणायचो, "ट्रेबल दोन डेसिबल खाली." गिऱ्हाइके वही काढून माझे शब्द लिहून घेत. तिला विचारत, "बाई, तुम्हाला कंटाळा येत असेल ना?" एकदा वर्तमानपत्रात माझ्या कानावर पाव पान छापून आले. त्यात तिचा उल्लेख "सोबत पत्नी" असा आहे. ते कात्रण मीच चौकटीत बसवून दुकानात टांगले.

बारा वर्षांत मी तिला एकदाही म्हटले नाही की मला ऐकू येत नाही. नुसते विचारायचो, "तुला कसं वाटतं?" जणू मी तिची परीक्षा घेत होतो. मला याची लाज वाटते. दुसरा चांगला शब्द सापडला नाही.

निदान या कागदावर तरी साक्षीदार म्हणून तिची सही घ्यावी असे माझ्या मनात होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. म्हणजे इथेही काम तिचे आणि सही माझी.

कलम पाच. हे कलम मी आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वरचा मजकूर टाइप होऊन आला तेव्हा मी तो बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला.

"सूनबाईचं ते वायरींचं काढून टाका. उगाच तिला कशाला ओढता?"

"ते राहू दे. कलम चार वाचलंस?"

"त्यात नवीन काय आहे? मला माहीतच होतं."

"कधीपासून?"

"कुत्रं उठून गेलं आणि तुम्ही डोलत होतात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. बारा वर्षं!" तिने चष्मा काढला. "आणि आता सांगताय तेही मेल्यावर. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं हो? हे दोघं मला चारचौघांत खोटी पाडतील तेव्हा तुम्ही असाल फोटोत, हसत."

तिच्याशी भांडून बघितले, ते जमले नाही. रात्रभर माझ्या नावासाठी हळहळलो आणि काल सकाळी कलम चारची मोठ्या अक्षरांतली प्रत, कानाच्या तपासणीसकट, दुकानाच्या शटरवर डकवली.

भाऊ धावत आला. "दादा, फाड ते! वेड लागलंय का? तुझ्याबरोबर माझाही धंदा बसेल!" मी त्याला सांगितले की मला काही ऐकू येत नाही. मुलगा दुपारी आला. त्याने शटरसमोर उभे राहून दोनदा वाचले. माझ्याकडे बघितले नाही. आत जाऊन आईला विचारले, "आई, मग आमच्या घरचा आवाज चांगला आहे का?"

"नाही," ती म्हणाली. तो तिथेच खुर्चीत बसला आणि पुढचा तासभर तिला विचारत होता, आणि ती सांगत होती.

संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. आता माझे काही खरे नाही, असे धरून मी काउंटरमागे उभा राहिलो. त्यांनी चष्मा सावरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आत आले आणि माझ्यावरून नजर फिरवून सरळ बायकोकडे गेले.

"बाई, वरच्या मजल्यावर नवीन खोली केलीय. तुम्ही कधी मोकळ्या आहात?"

"गुरुवारी येते."

"बरं झालं." मग त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "आणि हे? इतकी वर्षं तुमच्याबरोबर येतात ते?"

"ते गाडी चालवतात," ती म्हणाली. "चांगली चालवतात."

हे मी तिच्या ओठांवर वाचले. त्यात दुरुस्ती करण्यासारखे मला काही आढळले नाही. सबब या मृत्युपत्रावर राजीखुशीने सही करत आहे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

(सही) दुकानाच्या मालकिणीचा नवरा

वरील कागद लिहून देणाऱ्याने आम्हा दोघांसमोर स्वतः वाचला व सही केली. "वाचून दाखवला व त्याने ऐकला" हे छापील शब्द त्याच्या सांगण्यावरून खोडले आहेत.

साक्षीदार पहिला: (सही) कान-नाक-घशाचा डॉक्टर. मन शाबूत असल्याची खात्री केली आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) स्पीकरची खोकी करणारा सुतार. माझ्या खोक्यांना नावे ठेवायची ती बाईच ठेवायच्या, हे मला पहिल्यापासून ठाऊक होते.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च २०२३