बेसूर गाणाऱ्या माणसाचं गाणं

ता. ९ मार्च, सकाळ

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असाल. मीही मजेत आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, म्हणून या वेळी ते जरा सावकाश वाच.

इकडे गॅलरीचं दार अडकत होतं, ते तासून झालं. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. माझा चष्मा नवा झाला. आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.

तुझी चाल ऐकली. सुरेल आहे, वादच नाही. व्हायोलिन तर जीवघेणं. पण ती माझ्या गाण्याची चाल नव्हे. मी लिहिलं, ‘पलीकडच्या खोलीत कुणी बेसूर गातंय, माझा चहा गार होतोय, होऊ दे.’ तू ते इतकं संथ केलंस, की चहाचं सोड, गाणारीही गार पडेल. वर तुझा निरोप: "आई, शेवटी एक कडवं घाल. तो गेलाय हे कळलं पाहिजे, त्याशिवाय ऐकणाऱ्याला काही वाटणार नाही."

कोण गेलाय?

काल सूनबाईचा फोन आला. म्हणाली, "आई, चाल बांधताना हे पेटीवर डोकं ठेवून रडले हो. बाबांची फार आठवण आली त्यांना." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला वाटलं, पलीकडच्या खोलीत तुझे बाबा आहेत.

अरे, तुझे बाबा कधी गायले का? दाढी करताना साधं गुणगुणलेही नाहीत. माणूस भला, पण घरात आवाज काय तो बातम्यांचा. ते गेल्यावर मी जी गाणी लिहिली ती खरीच होती. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण लिहायला ती सोपी होती, हेही खरं. दुःख समोर खुर्ची ओढून बसायचं, हलायचंच नाही. मी आपली उतरवून घ्यायची. लोक हळहळले, जेवणाचे डबे आणले, पुरस्कारसुद्धा दिले.

सुख असं एका जागी बसत नाही. मी कागद ओढते आणि आतून हाक येते, "अहो, कात्री कुठे ठेवलीत?" उठावं लागतं. परत येते तोवर ओळ पसार. गेलेल्या माणसाला सांगायचं बरंच उरलेलं असतं, म्हणून गाणं होतं. जो कात्री घेऊन दारातच उभा आहे त्याला तोंडानंच सांगून टाकता येतं, मग कागदावर काय उरणार? त्यात लोकांच्या नजरा: या वयात ही बाई हसते काय! एवढंसं गाणं लिहायला मला अख्खं वर्ष लागलं, बाळ्या. तेवढ्यात विरहाची पन्नास पाडली असती.

आता सरळच लिहिते. चौकातल्या दुकानातले चष्मेवाले आठवतात? चष्मा त्यांनी केला. दार त्यांनीच तासलं, नळाचा वायसरही त्यांनीच बदलला. बेसूर गातात तेही तेच. वर्षभर येणं-जाणं होतंच, गेल्या महिन्यापासून ते इथेच राहतात, पलीकडच्या खोलीत.

तुला धक्का बसेल. बसू दे. बाबांचा फोटो होता तिथेच आहे. चष्मेवालेच तो रोज पुसतात. काच दिसली की त्यांना राहवत नाही.

शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे, गायिका ठरली आहे, सगळं ठाऊक आहे. तरी ते कडवं मिळणार नाही. या गाण्यात कुणी मरणार नाही, कुणी कुणाला सोडून जाणार नाही. ऐकणाऱ्याला काही वाटलं नाही तर न वाटो. मी रडत होते तेव्हा तू मनापासून साथ केलीस. आता हसतेय तर हात आखडता घेऊ नकोस. ही चाल दुसऱ्या कुणाच्या दुःखाला दे, वाया जाणार नाही. मला पाय थिरकवणारी हवी. मी तुझ्याकडे परवानगी मागत नाहीये, चाल मागतेय.

नाहीच जमलं, तर गाणं परत पाठव. इथे ते म्हणायला माणूस आहे. सुराचं आम्ही बघून घेऊ.

रडून मोकळी झालेली,
तुझी आई