चमचा कोणी धरायचा, याबाबत

मी, खाली सही करणारा, तिघा भावंडांतला धाकटा, छपाईची आणि झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करण्यात उभी हयात गेलेला आणि सध्या घरी बसलेला इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला त्या तयार नाहीत, म्हणून ही घाई. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. दादाला एकदा रागाच्या भरात "तुला या घरातला एक खिळा मिळणार नाही" असं जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं होतं, ते मृत्युपत्र धरू नये.

कलम पहिलं : माझी माणसं.
मी लग्न केलं नाही. माझ्यामागे दोघं आहेत. थोरली ताई माझ्याजवळ राहते. मधला दादा वहिनीसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. आईवडील लवकर गेले आणि आम्ही दोघे भाऊ ताईच्या पगारावर वाढलो. ती ओतकामाच्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवायची. वर काचेच्या खोलीत बसून दोन दांड्यांवर वितळलेल्या लोखंडाची बादली इकडून तिकडे न्यायची. खालच्या माणसांच्या डोक्यावरून ती बादली जाताना कोणी वर बघतसुद्धा नसे, इतका तिच्यावर भरवसा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिच्या हातांतली शक्ती हळूहळू गेली. आता बोटं नावापुरती आहेत. मान, पाय आणि जीभ ठणठणीत आहेत, जीभ तर गरजेपेक्षा जास्त.

कलम दुसरं : राहतं घर.
हे घर माझ्या नावावर आहे. ताईनं तिच्या हयातीत इथंच राहावं. तिच्या पश्चात घर दादाचं आणि वहिनीचं. दादाला आधी यायचं असेल तर त्यानं इथं राहायला यावं; ताईला तिकडं नेऊ नये. तिकडची जागा मोठी आहे, उजेड छान आहे, वहिनी तर साखरेसारखी गोड आहे, हे सगळं मला मान्य आहे. पण ताईचं टेबल इथं जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं आहे, आणि ते का बसवलं आहे हे पुढं येईल. वरच्या मजल्यावरून न्हाणीघराच्या भिंतीत पाणी झिरपतं. तो वाद मी दादाला वारसाहक्कानं देत आहे. त्यानं तो माझ्याइतक्याच चिकाटीनं चालवावा.

कलम तिसरं : बँकेतली ठेव.
सगळी ठेव ताईसाठी. तिची अंघोळ, कपडे, औषधं बघायला ज्या मावशी येतात, त्यांचा पगार त्यातून आधी द्यावा. मावशी माझ्यावर खेकसतात, पण ताईचे केस विंचरताना त्यांचा हात किती हलका होतो ते मी पाहिलेलं आहे. त्यांना कोणी दुखवू नये. उरलेल्यातून मोटरी, पट्टे आणि वायरी घ्याव्यात. मोटरी स्वस्तातल्याच घ्याव्यात. महागड्या मोटरी आणून ताईवर उपकार केल्याचं समाधान कोणी मिळवू नये. हात गुळगुळीत चालतो तो मोटरीच्या किमतीमुळं नाही.

कलम चौथं : हात कसा झाला.
वकीलबाईंच्या मते या मजकुराची मृत्युपत्रात गरज नाही. मला वाटते आहे, म्हणून लिहितो.

ताईचे हात गेल्यावर सुरुवातीला मी तिला भरवायचो. मी घाईचा माणूस. तिचा घास गिळून व्हायच्या आत माझा पुढचा चमचा ओठांशी हजर. मावशी भरवायच्या त्या "शाब्बास, अजून एक" म्हणत. या बाईनं आयुष्यभर माणसांच्या डोक्यावरून उकळतं लोखंड नेलं, आणि तिला आपण भाताच्या घासाला शाब्बासकी देत होतो! एक दिवस तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. "मला भूक नाही" हे तिचं पालुपद झालं. गालांची हाडं वर आली. डॉक्टरीणबाई नाकातून नळी घालायचं बोलू लागल्या.

मी म्हटलं, "ताई, हा काय हट्ट आहे?"

ती म्हणाली, "हट्ट नाही. कधी उचलायचं आणि कधी थांबायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं असेल, तर मला जेवायचंच नाही. घाल नळी."

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं. मग मी माळ्यावर चढलो आणि जुन्या प्रिंटरांचे सांगाडे खाली काढले.

त्या प्रिंटरांत पावलापावलानं फिरणाऱ्या मोटरी असतात. स्टेपर म्हणतात त्यांना. जन्मभर मी त्या बदलत आलो होतो. काही त्यातल्या काढल्या, काही बाजारातून स्वस्तातल्या आणल्या. टेबलावरच्या जुन्या दिव्याचा घडीचा दांडा घेतला. त्याच्या स्प्रिंगा हाताचं वजन तोलून धरतात, म्हणजे बिचाऱ्या मोटरीला ओझं वाहावं लागत नाही, नुसतं वळवावं लागतं. दांड्याच्या जोडपट्ट्या समांतर असल्यामुळं चमचा वर गेला काय, खाली आला काय, आडवाच राहतो. पहिल्यांदा दातेरी चाकं लावली होती. त्यांच्यात ढिलाई फार, चमचा जागच्या जागी डुलायचा. मग प्रिंटरातलेच रबरी पट्टे लावले. मोटरीचं एकेक पाऊल बारीक पावलांत तोडणाऱ्या सर्किटच्या पट्ट्या बसवल्या. रिकामा चमचा असा काही लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागला की मी मावशींना टाळी मागितली.

ताईला टेबलाशी बसवलं. वाटीत सूप ठेवलं. चमचा निघाला आणि निम्मं सूप भिंतीवर, उरलेलं तिच्या मांडीवर.

मी मोटरींना शिव्या घालू लागलो. ताई मांडीकडे बघत शांतपणे म्हणाली, "मोटरीला कशाला बोलतोस? तू रिकाम्या चमच्यावर शिकवलंस त्याला. झोका भाराला येतो रे, दांड्याला नाही."

तिथून पुढं काम तिनं केलं आणि मी फक्त हमाली केली. चमच्यात पाणी घालून बसायचं. ती सांगायची, "निघताना इतका जोर नको. आधी ताण घे, मग हळूच सोड. आता धाव. आता आधीपासूनच थांबायला लाग, दारात येऊन ब्रेक नको." भार पुढं झुकला तर हाताला किंचित त्याच्यामागून जाऊ द्यायचं, म्हणजे झोका आपोआप मरतो, हेही तिनंच सांगितलं. ते सगळं मी मोटरींच्या भाषेत उतरवत गेलो. मी दिलेली बटणं तिनं धुडकावली. "बटणं दिव्याला असतात. भाराला दांडा लागतो." म्हणून तिच्या उजव्या गुडघ्याशी दांडा बसवला आहे. वाटीपासून ओठांपर्यंतची वाट मोटरींना पावलांत मोजून दिलेली आहे; दाबेल तितक्या वेगानं हात त्या वाटेनं चालतो, सोडला की थांबतो. दुसरा दांडा डाव्या पायाशी आहे, त्यानं हात त्या वाटेबाहेरही फिरवता आणि वरखाली करता येतो. हात टेबलाला जोडलेला आहे, आणि टेबल तसूभर सरकलं तरी मोजलेली वाट चुकते, म्हणून ते जमिनीत बोल्ट मारून बसवलं आहे.

ज्या दिवशी पहिली वाटी तिनं एकटीनं संपवली, त्या दिवशी तिला पाऊण तास लागला. मधे ती चमचा हवेत थांबवून खिडकीबाहेर बघत बसली. मुद्दामच. कोणी "घे ना" म्हणत नव्हतं, याची मजा घेत होती. नळीचं नाव त्यानंतर कोणी काढलेलं नाही.

कलम पाचवं : दादाशी असलेला तंटा.
दादा मनानं मोठा आहे. तो नवीन हात बघायला आला तेव्हा फळं, उशी, पायमोजे, काय काय घेऊन आला. ताई जेवत होती. चमचा वाटेत थांबलेला बघून त्याला राहवलं नाही. "अगं, अडकला वाटतं," म्हणून त्यानं हात धरला आणि तिच्या तोंडाकडं ढकलला.

इथं जाणकारांसाठी सांगतो. या मोटरींना डोळे नसतात. किती पावलं टाकायची एवढंच त्यांना ठाऊक. कोणी धरून ओढलं तर पावलं हुकतात आणि मोटरीला त्याचा पत्ताही नसतो. ती आपली जागेवर आहोत असंच समजून चालते. त्यामुळं पुढचा चमचा ताईच्या ओठांऐवजी गालावर गेला आणि गरम सूप कानात. ताई ओरडली. दादा पांढरा पडला. मग भीतीचा राग झाला आणि तो म्हणाला, "माझ्या बहिणीला तू यंत्राच्या तोंडी दिलंस. ही वस्तू भंगारात गेली पाहिजे. ताईला मी घेऊन जातो, मी भरवीन तिला माझ्या हातानं." तो तरातरा निघाला, आणि मी त्याच्यामागं जिन्यात जाऊन खिळ्याबद्दलचं वरचं वाक्य बोललो. त्यानंतर बरेच महिने आम्ही बोललो नाही.

सबब सूचना : हात वाटेत असताना कोणीही धरू नये, प्रेमानंसुद्धा. चुकून धरला गेला, तर मागच्या खटक्याला टेकेपर्यंत तो परत न्यावा, तिथून त्याची मोजणी नव्यानं सुरू होते, आणि मगच जेवण पुढं चालू करावं.

कलम सहावं : हत्यारं.
माझी सगळी हत्यारं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माझ्या मित्राला द्यावीत. त्याला आम्ही 'ग्रीस' म्हणतो, कारण जगातलं कोणतंही दुखणं ग्रीसनं बरं होतं अशी त्याची श्रद्धा आहे. माझा मोजपट्टीचा कॅलिपर त्यानं उसना नेला आहे. तो आता त्याचाच झाला, त्यामुळं मला चुकवून दुसऱ्या गल्लीनं जायची त्याला गरज उरलेली नाही. बदल्यात त्यानं महिन्यातून एकदा येऊन पट्ट्यांचा ताण तपासावा आणि स्प्रिंगा बघाव्यात. त्याला सगळं शिकवून झालं आहे. पट्ट्यांना ग्रीस लावू नये, हे त्याच्याकडून माझ्यादेखत तीनदा वदवून घेतलं आहे.

कलम सातवं : वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक.
मोटरींच्या आवाजानं दुपारची झोप मोडते अशी यांनी तक्रार केली. "इतका खटाटोप करण्यापेक्षा नर्स ठेवा" असा सल्लाही दिला. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या भिंतीत येतं ते वेगळंच. त्यांना काय ठेवावं याचा मी पुष्कळ विचार केला होता. परंतु ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

कलम आठवं : यांत्रिक हात.
हे कलम लिहिताना माझी लेखणी अडली. वकीलबाईंनी बजावलं, की हाताचा उल्लेख राहिला तर तो इतर सामानासारखा दोन्ही भावंडांत वाटणीला येईल. म्हणजे निम्मा दादाचा. दादानं तो काढून टाकायचं ठरवलं तर त्याला अडवणार कोण? आणि हात गेला की ताई तोंड मिटणार, हे मला ठाऊक आहे. मला मरणाची भीती वाटते ती एवढ्यासाठीच. म्हणून अबोला सोडून मी दादाला बोलावून घेतलं आणि मसुदा त्याला टेबलाशी बसून वाचून दाखवला. ताईचं जेवण चाललं होतं.

दादानं शेवटपर्यंत ऐकलं. घराबद्दल एक शब्द बोलला नाही. टेबलाकडं बघत म्हणाला, "म्हणजे मी तिला एक घासही भरवायचा नाही? तिनं आपल्यासाठी सगळं केलं, आणि मी नुसतं बसून बघायचं?" त्याची तळमळ खरी होती, आणि मीही तोच घास घेऊन कधीतरी तिच्यासमोर बसलो होतो.

ताई म्हणाली, "मधल्या, खुर्ची जवळ ओढ."

त्यानं ओढली. तिनं चमचा वाटीत बुडवला, वर काढला, थेंब निथळू दिला. मग डावा पाय दाबला. हात तिच्या बाजूला वळण्याऐवजी टेबलावरून दादाकडं निघाला. त्या दिशेला मी त्याला कधी शिकवलेलं नव्हतं. तिथं मोजलेली वाट नाही, मुक्कामाची जागा नाही. ती सगळं दोन दांड्यांवर चालवत होती. दादा उंच बसला होता, म्हणून तिनं हात जरा वर घेतला. त्याच्या ओठांपासून बोटभर अंतरावर चमचा येऊन थांबला. सूप हललं नाही. तिनं पुढं ढकलला नाही. ती थांबली.

दादा चमच्याकडं बघत होता. मग ताईकडं. घाई कोणालाच नव्हती.

"तुला हवं तेव्हा," ताई म्हणाली.

दादानं स्वतःहून मान पुढं केली आणि तो घास घेतला. साठी उलटलेला माणूस, तोंडात घास धरून हुंदके देत होता, आणि ताई म्हणत होती, "आधी गिळ रे, ठसका लागेल."

सबब मी असं जाहीर करतो, की मोटरींची बिलं माझ्या नावावर असली तरी हा हात माझ्या मालमत्तेत मोडत नाही. तो ताईचा आहे. दुसऱ्याचा हात मला कोणाला देता येणार नाही, आणि माझ्यामागे तो कोणाला वाटूनही घेता येणार नाही. हे वाक्य दादानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या इच्छेप्रमाणं आहे.

स्थळ : राहतं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच.

(सही) धाकटा

साक्षीदार, आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष आणि मृत्युपत्र करणाऱ्यासमक्ष सह्या केल्या :
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक. न्हाणीघराचा नळ आजच दुरुस्त करून घेत आहे.