म्हाताऱ्याची रेकॉर्ड

बाई,

म्हातारा सापडला. इथंच, चंद्रपुरात, रविवारच्या बाजारात, मिक्सरची जुनी भांडी आणि कुलरच्या गंजक्या जाळ्या विकायला ठेवतात त्या ओळीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आरमोरीत तुमचं घर नेमकं कुठं होतं ते सांगायलाही आता जुना माणूस शोधावा लागतो. पण ही बातमी सांगावी असं दुसरं कुणी मला सुचेना. म्हाताऱ्याला ऐकलेले जगात आपण दोघंच. उगाच बोलायचं म्हणून म्हणत नाही, खरोखर दोघंच, आणि हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं.

तो आपल्याकडं आला तो दिवस मला अजून दिसतो. मी नुकतंच तुमच्या घरासमोर मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलेलं. शाळेत तुमच्या हाताखाली शिकलेलो, त्यामुळं तुम्ही फाटकात दिसलात की हातातली बिडी आपोआप पाठीमागं जायची. तुम्ही तेव्हा रिटायर होऊन घरी एकट्या. त्या दिवशी बिछायत केंद्रवाला, लग्नाला मांडव आणि लाऊडस्पीकर पुरवणारा, हातठेल्यावर रेकॉर्डींचे ढीग घालून निघालाय आणि तुम्ही त्याला रस्त्यातच अडवता.

"कुठी नेऊन राह्यला रे?"

"भंगारात, बाई. आता कॅसेटा आल्या. हे कोन ऐकते?"

तुम्ही पायरीवर बसता आणि भाजी निवडावी तशा रेकॉर्डी निवडायला लागता. सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी वाजून वाजून पांढरट पडलेल्या. शास्त्रीय गाण्याच्या मात्र काळ्या कुळकुळीत, आल्या तशाच.

"ह्या काऊन एवढ्या कोऱ्या?"

"ह्या लावल्या तं वऱ्हाडी मांडवातून उठून जाते, बाई. नवरदेव यायच्या आंधीच लोक पंगतीत."

तुम्ही हसला नाहीत. चेहरा पाडून म्हणालात, "मंग ह्या तुह्या काय कामाच्या? ठेवून जाय इथीच. भंगारवाला जे देईन ते मी देते." असं करून तुम्ही किलोच्या भावात घरभर गाणं घेतलंत, वर रेकॉर्ड प्लेयर फुकट मागून घेतलात. त्याचा स्पीड बदलायचा खटका गंजून एकाच जागी बसलेला. बिछायतवाला जाता जाता बजावून गेला, "त्या खटक्याले हात नोका लावू. तुटला तं काईच नाई वाजनार." मी मोटरवाला, पण मीही कधी त्याला हात लावला नाही. चालतंय त्यात बोट घालू नये, हा आमचा धंद्यातला पहिला धडा.

त्या ढिगात एकच लहान रेकॉर्ड होती, बशीएवढी, बिनकव्हरची. आपली रेकॉर्ड दुसऱ्याच्या मांडवात जाऊ नये म्हणून बिछायतवाल्यानं मधल्या गोल कागदावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आपल्या दुकानाचं नाव रंगवलेलं. गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, सगळं रंगाखाली. ती लावली आणि एक म्हातारा गायला लागला. जाड, खोल आवाज. प्रत्येक सूर गुडघ्यावर हात टेकून उठल्यासारखा. घाई कसली ती नाहीच, तबलाही त्याच्या सोबतीनं हळूहळू चालायचा. राग तुम्ही लगेच ओळखलात, पण पेटी काढून त्याच्याबरोबर सूर धरायला गेलात तर तो पांढऱ्या पट्टीत बसेना, काळ्या पट्टीतही बसेना, दोन्हीच्या मधेच कुठंतरी. शेवटी तुम्ही भाता बंद केलात. "जुन्या चालीचा माणूस आहे," म्हणालात. "पेटीले मोजत नाई तो."

मग रोजचंच झालं. दुपारी लाईन असली की तुम्ही फाटकातून हाक मारायच्या, मी दुकानाचं फळकुट अर्धं लावून यायचो. स्वयंपाकघरात पाटावर मी, समोर भात आणि अंबाडीची भाजी, आणि दाराशी स्टुलावर प्लेयर. "लाव म्हाताऱ्याले," तुम्ही म्हणायच्या. "घरात कोणी बोललं पायजे न." गाणं अर्ध्यावर आलं की एका जागी तो थांबायचा आणि मागं कुठं तरी 'खण्' व्हायचं. "चहा झाला त्याचा. कप ठेवला." पुढं पुढं त्या जागी मीच म्हणायला लागलो, "कप ठेवला, बाई," आणि तुम्ही मान हलवायच्या, जशी काही म्हाताऱ्याला अजून थोडा चहा विचारायचा राहिला.

एकदा मी तोंडात घास घेऊन कुठल्याशा राईस मिलच्या मालकाची नक्कल करत होतो. तुम्ही उठून सुई उचललीत. "तंबोरा चालू आहे न? का माणूस गायला लागला का मंगच कान उघडते तुहे?" सुई पुन्हा पहिल्यापासून. मी घास तसाच गालात धरून बसलो, चावला तर आवाज होईल म्हणून. बाई, त्या एका बोलण्यावर मी पोट भरलं. आजही मोटरजवळ गेलो की आधी गप्प उभा राहतो. आता तर मिलवाले फोन करतात आणि फोनच मोटरला लावून धरतात. "भाऊ, ऐका बरं, काय झालं हिले?" मी इथं बसून सांगतो, मागचं बेअरिंग गेलं. त्यांना वाटतं जादू आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी जिवतीकडं पंपाच्या कामावर होतो. परत आलो तर तुमचा भाचा घर रिकामं करून, कुलूप लावून निघूनही गेलेला. मला पाहून शेजारीण म्हणाली, "लवकर यावं लागत होतं. सारं नेलं ठेलेवाल्यानं." रेकॉर्डी ज्या वाटेनं आल्या त्याच वाटेनं गेल्या होत्या.

तेव्हापासून मी म्हाताऱ्याला शोधत होतो. आरमोरी सुटली, धंदा वाढला, चंद्रपुरात दुकान झालं, घर झालं. पण कामाला जिथं जाईन तिथला जुना बाजार पाहिल्याशिवाय परतलो नाही. नागपूर, वरंगल, हैदराबाद. तुमचीच रीत धरलेली. धूळ जास्त ती रेकॉर्ड आधी बघायची. आपल्याला हवी तिच्याकडं पाहायचंसुद्धा नाही. सिनेमाची एखादी उचलायची, तिच्यावर मनसोक्त भांडायचं आणि उठता उठता म्हणायचं, ही बी टाका सोबत, कोन घेते तिले. कॅसेटी गेल्या, सीडीची दुकानंही बंद पडायला लागली, तेव्हा ढिगानं विकायला काढलेल्या सीड्या आणल्या. जाड आवाजाचा कुणीही दिसला की घरी. माझी बायको म्हणायची, "अहो, तुमच्या एका म्हाताऱ्यापायी घरात म्हातारे किती झाले! यायले कोन सांभाळन?" ती गेल्यावर म्हातारे तेवढे राहिले. पोरगी पुण्याला असते. तिनं फोनमध्ये गाणं ओळखायची सोय करून दिली. मी त्यात म्हाताऱ्यासारखं गुणगुणलो. फोननं मला कसलंसं भजन दाखवलं.

आणि आता तो रविवार. बाजारातला रेकॉर्डीवाला मला ओळखतो, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या प्लेयरवर रेकॉर्ड वाजवून दाखवतो. मी पोचलो तेव्हा त्यानं काहीतरी लावलेलं होतं. कुणी तरणी बाई गात होती, चपळ, लखलखीत. आपल्या कामाची नाही म्हणून मी ढीग चाळत होतो. तेवढ्यात ती थांबली आणि मागं 'किण्' झालं. काचेच्या बांगड्या. आणि त्यानंतर तिनं जी जागा घेतली ती मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती.

"भाऊ," मी म्हणालो, "स्पीड कमी करा बरं जरासा."

"काकाजी, मोठी रेकॉर्ड तेहेतीसवर, लहान पंचेचाळीसवरच वाजते. हे तेहेतीसवर घेतली तं रेड्यावानी आवाज येते."

"येऊ द्या न."

त्यानं खटका ओढला. आणि बाई, म्हातारा आला. गुडघ्यावर हात टेकत, तस्सा. तबला हळू झाला. बांगड्यांच्या जागी त्यानं कप ठेवला.

"पाहा," रेकॉर्डीवाला आजूबाजूच्यांना हसत म्हणाला, "बाईचा बुढा झाला!" सगळे हसले. मी शेजारच्या दुकानातली कुलरची जाळी हातात घेऊन पाहत बसलो. त्या जाळीवाल्या बिचाऱ्याला वाटलं मला कुलर घ्यायचाय.

या रेकॉर्डीवरचा कागद स्वच्छ होता, नाव वाचता येत होतं. तुम्हाला ते नाव ओळखीचं होतं. तिचीच एक मोठी रेकॉर्ड आपल्या ढिगात होती, आणि तुम्ही ती एकदा लावून बाजूला ठेवली होतीत. "गळा बरा आहे," म्हणाला होतात, "पण भारी घाई आहे या बाईले." भाव करायचं मी विसरलो. रेकॉर्डीवाल्यालाच कसंतरी वाटलं, त्यानं आपणहून कमी केला.

घरी आणून मी ती नीट, तिच्या खऱ्या स्पीडवर ऐकली. चांगलं गाते हो, बाई. आपण तिच्यावर अन्यायच केला. पण खऱ्या स्पीडवर ती माझं जेवण व्हायच्या आत संपते. म्हातारा ताक पिऊन होईपर्यंत पुरायचा.

पोरीला फोन केला. सगळं ऐकून ती हसायला लागली, मीही हसलो. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, ज्याला तुम्ही इतकी वर्षं शोधलं तो माणूस नव्हताच?"

"नव्हता कसा? ऐकलाय न आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी अन् बाई."

तिनं विचारलं, जेवलात का.

जेवलो होतो. एकट्यानं किती वेळ लागतो? मी भांडं घासता घासता विचार करत होतो, आपला तो खटका तेहेतीसवर गंजून बसलेला नसता तर काय झालं असतं. ही तरणी बाई गायली असती, तुम्ही तिला घाई आहे म्हणून बाजूला ठेवलं असतं, आणि मी भात खाऊन दुकानात गेलो असतो. त्या दुपारी आपण तिघं होतो, बाई. तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं होतं, निदान तो कुठं तरी असेल, कुणाच्या तरी घरी, कपाटात. आता तोही तुमच्याबरोबरच गेलेला निघाला. तुम्हाला हे कळवावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. तुम्ही हसला असता की पेटी उघडून बसला असता, मला ठरवता येत नाही. म्हणून हे लिहिलेलं तुमच्या त्या फाटकाच्या पत्त्यावर टाकायचं नाहीच. रेकॉर्डीच्या कव्हरात सरकवून ठेवतो.

एकच सांगायचं राहिलं. या रविवारी पुन्हा बाजारात गेलो. रेकॉर्डीवाला म्हणाला, "काकाजी, सापडली न तुमची रेकॉर्ड? आता काय पायजे?" मी सिनेमाची एक उचलली, उलटीपालटी केली, खाली ठेवली.

"एक म्हातारा आहे," मी म्हणालो. "नाव माहीत नाई. आवाज जड आहे त्याचा. मधात एकदा कप ठेवते."

"भेटला तं सांगतो," तो म्हणाला.

मी त्याला माझा फोन नंबर देऊन आलोय.