डबीतला कापूस

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

आज चूक माझीच झाली, तरी इतकं बरं का वाटतंय?

वैशालीला अठरा पूर्ण झाली. एचआयव्हीच्या गोळ्या आता तिने स्वतः सही करून घ्यायच्या. इतकी वर्षं तिचे आबा दवाखान्यात यायचे. एसटीत गोळ्यांची डबी वाजू नये म्हणून तिच्यात गच्च कापूस भरायचे. "बठ्ठा गावले समजी जाई," म्हणायचे. मी समुपदेशक, पण कधी अडवलं नाही. उलट मीच माझ्या खणात कापूस ठेवायला लागले.

आज ती नर्सिंगच्या होस्टेलवरून एकटीच आली. बोलता बोलता मी सवयीने डबीत कापूस कोंबला. तिने तो शांतपणे काढून माझ्या हातात दिला.

"ताई, रूमवरच्या दोघींना मी सांगितलंय. गोळीची वेळ झाली की त्याच आठवण करून देतात."

"आणि आबा?"

"त्यांनाही हे सांगितलं. आधी घाबरले. मग म्हणाले, मंग कापूस फेकी दे."

ती निघाली. भरल्या व्हरांड्यातून तिच्या पिशवीतली डबी खुळखुळत गेली. तिने पिशवी एकदाही छातीशी धरली नाही.

खणातला कापूस उद्या ड्रेसिंगच्या खोलीत देऊन टाकते.