कुशाबाईंच्या नावाचं पातेलं

कळंब,
मंगळवार

प्रिय हर्षाली,

तू चाकणला गेल्याला सात वर्षं झाली. फोन करायचं ठरवलं की मी अर्धंच बोलतो आणि ठेवतो, म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद. पहिल्या दोनांत खाडाखोड झाली होती आणि तशी तुला पाठवायची नव्हती.

मी इथे कळंबला भांड्यांच्या दुकानात आहे. भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे असतं. अकरावी सुटली ती सुटलीच, पण अक्षर आणि शुद्धलेखन कामाला आलं. लोक लग्नाची भांडी मुद्दाम माझ्याकडे आणतात.

शाळेच्या कपाटातली ती इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या रहस्यकथांची पुस्तकं आपण दोघांनी फाटेस्तोवर वाचली, ते तुला आठवतं का? चर्च, पाद्रीबाबा, दुपारचा चहा, आणि कोणाच्या तरी बागेत सापडलेलं प्रेत. चर्चच्या जागी तू आपलं मंदिर धरायचीस. खिडकीत विणत बसून सगळं पाहणाऱ्या म्हातारीच्या जागी आपल्या सोनीबाई होत्या, ओट्यावर ज्वारी निवडणाऱ्या. निरगुडसरला काहीच घडत नाही म्हणून आपण हळहळायचो. मग घडलं, आणि ते तुमच्याच घरावर आलं.

धर्माजीबाबांच्या नातीच्या, निर्मलाच्या, लग्नानंतर दोन दिवसांनी गावच्या भांड्यांच्या खोलीत एक पितळी पातेलं कमी निघालं. पन्नास माणसांचा भात होईल एवढं, बाबांनी त्यांची बायको कुशाबाई गेल्यावर गावाला दिलेलं, वर तिचं नाव. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली अकरा वर्षं तुझ्या वडिलांकडे, दादाभाऊकाकांकडे. मी तेव्हा सोळा वर्षांचा. वहीत सगळ्यांची नावं लिहिली, कोण कधी कुठे होतं ते लिहिलं, आणि पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणासारखं मंदिरासमोर सगळे जमले असताना उभा राहिलो. काका म्हणाले होते, लग्नाच्या दिवशी नवरीचा टेम्पो बांधायला हाक आली, भांडी मोजायची राहिली, तसंच कुलूप लावलं. मी विचारलं, अकरा वर्षांत कधी मोजायचं राहिलं नाही, ते नेमकं त्याच दिवशी कसं? कोणीतरी म्हणालं, “पोरगं लई शानं हाय.” मला तेव्हा फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? काकांनी किल्ली पायरीवर ठेवली. महिन्याभरात तुम्ही गाव सोडलं.

सोनीबाई एकट्याच बोलल्या होत्या. “वस्तू दिसंना म्हंजी कुनी चोरलीच आसंल, आसं कुठं हाय रं?” मी ते वहीत लिहिलंसुद्धा नाही. पुस्तकात कोणीतरी गुन्हेगार असतोच. तो सापडत नाही तोवर पुस्तक संपत नाही. मला वाटलं, गावाचंही तसंच असतं.

गेल्या महिन्यात निर्मला सासरच्या आणे गावाहून माहेरी निघाली होती. वाटेत आमच्या दुकानी थांबली, एक पातेलं कल्हईला घेऊन. आजीच्या नावाखाली तिच्या लेकीचं, श्रेयाचं, नाव घाल म्हणाली. मी मशीन चालू केलं आणि बंद केलं. एक कडी पितळी, दुसरी लोखंडी. ही खूण माझ्याच वहीत होती. मी विचारलं, हे तुझ्याकडे कसं? ती हसली. “आरं, आंदणातलं हाय. आज्यानं दिलं. टेम्पोत घालताना आत्या म्हनली, आजीचं नाव हाय, म्हंजी आपलंच.” मंदिरासमोर स्वयंपाकाची भांडी घासून पालथी घातली होती, त्यांच्या शेजारी आंदणाची. आत्यानं नाव वाचलं आणि उचललं, एवढंच. दादाभाऊंनी गावचं पातेलं नेलं, हे तिनंही ऐकलं होतं. पण ते आपल्याच घरात आहे असं तिला कशाला वाटेल? मी सांगितल्यावर ती दुकानाच्या पायरीवर बसली. “मला कुनी इचारलंच न्हाई की रं,” म्हणाली. खरं आहे. यादीत नवरीचं नाव मी घातलंच नव्हतं. काकांनी टेम्पोचं सांगितलं, तेही मी लबाडी म्हणून लिहिलं. उत्तर त्यातच होतं.

आम्ही दोघं ते पातेलं घेऊन निरगुडसरला गेलो. धर्माजीबाबा आता फार थकलेत. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. “माझ्याच घरात गेलं राव, आन मी दादाभाऊच्या दारात जाऊन नाय नाय ते बोललो.” मग एकदम हसलेही, “कुशी गावाची झालीच नाय, नातीकडंच गेली.”

रविवारच्या ग्रामसभेत मी जुनी वही घेऊन उभा राहिलो. गोरखभाऊ ओरडले, “काय साहेब, आज कुनाला पकडताय?” मी म्हणालो, मला. आणि सगळं वाचून दाखवलं, माझा तो प्रश्नसुद्धा. कोणी हसलं नाही. गोरखभाऊच नंतर म्हणाले की किल्ली दादाभाऊकडं जायला पायजे, दुसऱ्या कुनाकडं शोभत न्हाई. सगळ्यांनी हात वर केले. सोनीबाईंनी दोन्ही.

काका चाकणला सोसायटीची बाग बघतात असं कळलं. आपल्या पुस्तकांत माळ्यावर पहिला संशय यायचा, आणि तू पहिल्याच पानावर त्याची बाजू घ्यायचीस. तेव्हा मी तुझी चेष्टा करायचो. त्यानंतर माझ्याशी एवढं भांडणारं कोणी भेटलं नाही.

खरं तर हे पत्र काकांना आहे. त्यांना थेट लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून वर तुझं नाव घातलं. त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. गाडी करून यायला सगळं गाव तयार आहे, धर्माजीबाबाही. पण मी त्यांना थांबवलंय. पहिला मी बोललो होतो, म्हणून पहिला मीच येणार. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, एकटा. किल्ली बरोबर आणत नाही. ती घ्यायची की नाही, हे काकांनी माझं तोंड बघून ठरवावं. त्यांनी नको म्हटलं तर तू एवढंच कळव, मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन.

तुझाच,
अमृत