लोखंडी कढईतला झेंडू

आत्या,

मी कोरेगावला आईकडं चाललेय. भाकरी टोपल्यात हायत. गोळी जेवूनच घ्या.

तुमच्या ल्योकाला शेवटचं गावात आणलं तवा लोकांनी मिल्ट्रीच्या गाडीवर टाकलेला झेंडू मी वेचून सुकवला हुता. व्हिनेगरच्या पाण्यात त्येचा रंग काढून ह्यांचा पांढरा सदरा रंगवायचा, एवढंच मनात हुतं. तुमी मदत म्हणून ते पाणी लोखंडी कढईत उकळलंसा आणि सदरा त्यातच बुडवलासा. लोखंडानं तो रंग काळा पडतो, हे तुमाला कोण सांगणार.

तुमच्यावर राग न्हाई. पण आज त्या दोरीवरच्या सदऱ्याकडं बघवत न्हाई.

बाजारातनं दुसरा झेंडू आणू नका. तो त्येंच्यावर पडलेला न्हाई.

शिवांजली