डब्यातली तिसरी चिठ्ठी

रविवार, ७ सप्टेंबर

संपला एकदाचा न्यायाधीशाचा सिनेमा! दोन तास चाळीस मिनिटं. त्यातला निम्मा वेळ न्यायाधीश खिडकीबाहेर बघतो. काय बघतो ते दिग्दर्शकाने आम्हाला सांगितलं नाही – त्यालाही ठाऊक नसावं.

पडद्यावर पाट्या सुरू झाल्या तरी कोणी तोंड उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. तीन कागद, तीन पेनं, बिस्किटांचा रिकामा डबा. ज्याने त्याने आपला अभिप्राय लिहायचा, घडी घालून डब्यात टाकायचा. डबा उघडायचा उद्या संध्याकाळच्या चहाला. चार वर्षांपूर्वी एका नायिकेने नवऱ्याकडे परत जावं की जाऊ नये यावरून माझं आणि हिचं असं जुंपलं, की दोन दिवस आमचे निरोप दादामार्फत जात होते. शेवटी वैतागून त्यानेच हा डबा काढला. "बोलू नका, लिहा. लिहिताना माणूस जरा थंड होतो." त्या चिठ्ठ्यांवरच माझं साप्ताहिक सदर चालतं. पेपरात बाकी मी पाणीपुरवठा आणि रस्ते लिहितो, तेव्हा एवढी चैन चालायचीच.

दादाने आज तीन ओळींना पंधरा मिनिटं घेतली. कागद पार नाकाशी.

"प्रबंध लिहितोयस का?"

"आम्ही तुझ्यासारखे पंडित नाही. आम्हाला विचार करून लिहावं लागतं."

सोमवार, ८ सप्टेंबर

डबा उघडला. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे हिनेच वाचल्या.

हिची – "न्यायाधीशाच्या बायकोला एक तरी धड वाक्य द्यायचं होतं." माझी – "रस आठ की नऊ हा वाद मिटला. दहावा सापडला : कंटाळा." दादाची – "न्यायाधीशाचा आवाज खोटा, शिपायाचा खरा. पाऊस छान."

पाऊस? अख्ख्या सिनेमात थेंब नाही! मग माझी ट्यूब पेटली – न्यायाधीशाची बायको स्वयंपाकघरात कढईत काहीतरी तळते, तो चर्र आवाज! मी हसता हसता कप सांडला. दादाही हसला. "डुलकी लागली असेल रे."

ही हसली नाही. फडकं आणायला उठली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सदर छापून आलं. मथळा : "आमच्या घरी कढईत पाऊस पडला". संपादक म्हणाले, "भाऊ भारी आहे तुमचा!" दादाला हिने वाचून दाखवलं. त्याला चष्मा सापडत नव्हता म्हणे. चष्मा नाकावर होता.

रविवार, १४ सप्टेंबर

दीपगृहातल्या दोन बहिणींचा सिनेमा. फार सुरेख! शेवटची अकरा मिनिटं (घड्याळ लावून मोजली) एकही शब्द नाही. धाकटी सामान बांधते, किल्ली खिळ्याला अडकवते, बोटीत बसते. बोट सुटते. आणि मग ती पाण्यात उडी टाकून परत येते. थोरली दारातच उभी. बस्स. भरतवाक्य नाही, उपदेश नाही.

फक्त ही सारखी दादाच्या कानाशी कुजबुजत होती. मी दोनदा "शूऽऽ" केलं. रसभंगाला शास्त्रात प्रायश्चित्त असतं तर हिला आज कडक उपास घडला असता. शेवटी दूध उतू जायला लागलं म्हणून आत पळाली, तेव्हा कुठे शांतता मिळाली.

सोमवार, १५ सप्टेंबर

दादाची चिठ्ठी – "धाकटी गेली ते बरं झालं. थोरलीला आता मोकळं वाटेल."

धाकटी गेली नाही. परत आली. दोन वर्षांच्या पोरालाही दिसेल इतकं ठळक.

मी चिठ्ठी हिच्या हातातून घेतली. अक्षरं मोठाली, दुसरी ओळ पहिलीच्या अंगावर चढलेली. खालच्या दोन शब्दांची शेपटं कागद संपला तरी पुढे गेलेली, टेबलावर शाईच्या रेघा. परत येणं शब्दांत नव्हतं. आणि नेमकी तेव्हा ही दुधापाशी होती.

पाऊस. चष्मा. कुजबुज.

आज मी हसलो नाही. दादा म्हणाला, "का रे पंडित? आज टोमणा नाही?"

दादा शाळेची बस चालवतो. बत्तीस मुलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सहाला उठून पाळत ठेवली. स्वतःच्या भावावर! दादाने दाढी केली, खाकी चढवली, डबा घेतला. जिना उतरताना डावा हात भिंतीवर. पायऱ्या मोजत होता – ओठ हलताना दिसले. हा नेमधर्म कधी सुरू झाला?

वरून बसचं नुसतं पिवळं छप्पर दिसतं. खालच्या मजल्यावरची चिमणी दप्तर सांभाळत चढली. छप्पर हललं, कोपऱ्यावर वळलं, गेलं. मी कठड्याला धरून उभा.

अठ्ठावीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नाही. वडील गेले तेव्हा तो सोळाचा, मी नऊचा. मी पाठशाळेत शब्दांची रूपं चालवत होतो तेव्हा तो ट्रक चालवत होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मीच सुचलेला विनोद म्हणून दोनदा छापलं!

बुधवार, १७ सप्टेंबर

जिन्यात चिमणी भेटली. "काय गं, बसमध्ये भीती नाही ना वाटत?"

"कशाला? काका असतात ना! हात धरून चढवतात. आणि मी नुसतं हं म्हटलं तरी ओळखतात."

 केवढा विश्वास त्या पोरीचा!

गुरुवार, १८ सप्टेंबर

धीर करून विचारलं, "दादा, डोळे कसे आहेत?"

"दोन आहेत."

संपली मुलाखत.

शनिवार, २० सप्टेंबर

हिला गाठलं. "तुला काय माहीत आहे?"

"मला जे माहीत आहे ते त्यांनी सांगायचं आहे. शब्द दिलाय मी."

"अगं, पण बत्तीस मुलं –"

"अहो, मग त्यांनाच विचारा की! समोर बसून, सरळ. डोळे कसे आहेत, तब्येत कशी आहे, हे काय विचारणं झालं? दुनियेला प्रश्न विचारून पोट भरता तुम्ही!"

म्हणजे हिला ठाऊक आहे. आणि ठाऊक असून ही त्याचा डबा भरून देते! मी दार आपटून बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि चपला उलटसुलट घातल्यात म्हणून परत आलो.

रविवार, २१ सप्टेंबर

आजचा सिनेमा मी निवडला. मुक्या जोडप्याचा. संवाद शून्य, संगीतही जेमतेम. मुद्दाम. लिहायलाही लाज वाटते.

हिने नाव वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की ते बघणं मला पुढच्या जन्मातही पुरेल. दादा दीड तास ताठ बसून होता, तोंड बरोबर पडद्याकडे. ही हसली की क्षणभराने हसायचा. एकदा ही शिंकली, तेव्हाही हसला.

मी सिनेमा पाहिलाच नाही. दादाला पाहत होतो.

सोमवार, २२ सप्टेंबर

त्याची चिठ्ठी – "शांत सिनेमा. डोक्याला आराम."

मंगळवार, २३ सप्टेंबर

दुपारी कचेरीत बातमी आली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेची बस दिव्याच्या खांबावर. कोणाला लागलं नाही, काचा फुटल्या. आपली बस नाही, आपला दादा नाही. पण ती आठ ओळींची बातमी लिहायला मला तासभर लागला.

मग दुसरा कागद घेतला. दादाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र. चालकाची दृष्टी, मुलांचा जीव, शाळेची जबाबदारी. चार परिच्छेद. खाली सही – "एक हितचिंतक". घरचं नाव वर यायला नको, दादाला कळायला नको, आणि बस तर थांबायला हवी. तिसऱ्यांदा टाइप करून काढलं. माणूस भावाची भाकरी काढून घेतो तेव्हाही त्याला वाक्यरचना सुचते, हे आज कळलं.

पाकीट स्वतः जाऊन शाळेच्या पेटीत टाकलं. पेटीच्या फटीत बोटं घालून परत काढता येतं का, तेही पाहिलं. नाही येत.

बुधवार, २४ सप्टेंबर

दादा खाकी घालून गेला. खाकी घालून आला. म्हणाला, "आज भेंडी छान होती."

गुरुवार, २५ सप्टेंबर

पुन्हा तेच. पत्र पोचलं नाही? की पोचून कचऱ्यात गेलं? सकाळी छप्पर वळेपर्यंत श्वास घेतला नाही. ही विचारते, "जेवत का नाही?" दादा म्हणतो, "पंडिताचा एखादा शब्द अडला असेल गं."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

राहवेना. शाळेत गेलो. शाळांच्या बसगाड्यांवर लेख करतोय म्हणून सांगितलं. मुख्याध्यापिका नवीन आहेत, मी कोणाचा कोण हे त्यांना माहीत नाही. "तुमचे जुने चालक कसे आहेत?" असं अगदी सहज विचारलं. 

"ते आता चालक नाहीत," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच दिवशी आले आणि किल्ली या टेबलावर ठेवली. म्हणाले, उजवा डोळा गेला, डावा जातोय, आजपासून चाकाला हात लावणार नाही. आम्हाला काही ठाऊकही नव्हतं हो! मीच म्हटलं, दाराशी उभे राहा. आता मुलांना चढवतात, उतरवतात. बत्तीसच्या बत्तीस आवाजावरून ओळखतात."

हात धरून चढवतात. चिमणीने सांगितलं होतं! चाकावर बसलेला माणूस दाराशी हात धरायला कसा येईल? चोवीस वर्षं बातमीदारी केली मी.

"खाकी तेवढी राहू द्या म्हणाले. घरी धाकटा भाऊ आहे. त्याला कळलं तर तो स्वतःला खात बसेल, म्हणून. हे छापू नका हं."

मी वही मिटली. ती उघडीच कशाला होती?

"आणि गंमत बघा, परवा त्यांच्याविरुद्ध निनावी पत्र आलं! मी त्यांनाच बोलावून वाचून दाखवलं. निवांत ऐकलं त्यांनी. म्हणाले, पुन्हा एकदा वाचा. मग म्हणाले, हे मला द्या."

"कोणी लिहिलं असेल असं म्हणाले का?"

"छे! म्हणाले, कोणीतरी मुलांच्या काळजीचा माणूस आहे."

निनावी आहे. टाइप केलेलं आहे. ओळखलं नसेल. नसेलच!

शनिवार, २७ सप्टेंबर

दादाने हाक मारली, "पंडित!" मी दचकलो. त्याला फक्त टॉवेल हवा होता.

आज बोलणार होतो. तीन वेळा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा आतून म्हणाला, "फरशी झिजेल रे."

रविवार, २८ सप्टेंबर

दादा म्हणाला, "आज सिनेमा नको." टीव्ही बंद. तिघेही बंद पडद्यासमोर बसलो, त्यात आमचीच सावली. मग त्याने कागद मागितला. हिने जाड पेन दिलं. अर्धा तास लिहीत होता. घडी घातली, चाचपून डबा उघडला, टाकली.

कशावरचा अभिप्राय, कोणी विचारलं नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

डब्यात एकच चिठ्ठी. हिने हात पुढे केला तर दादा म्हणाला, "तू नको. आज तो वाचेल."

मोठ्याने वाचली. "पत्र ऐकलं. दोनदा. भाषा नेहमीसारखी छान. तिसरा परिच्छेद लांबला. मुलांची काळजी खरी वाटली. लिहिणारा मात्र शेवटपर्यंत पडद्याआडच राहिला. डबा मीच काढला होता, तेव्हा चूक माझीही –"

खाली आणखी एक ओळ होती : "पंडित, आता लिहू नकोस, बोल." ती मी मोठ्याने वाचली नाही. ही खाली मान घालून बसली होती. चहावर साय धरली.

"थांबलास का?" दादा म्हणाला. "वाच की. मला दिसत नाही."